राखणदाराची बिडी

केरीच्या खडकावरून मी आणि गौरेश सकाळपासून गरी टाकत होतो. होणाऱ्या सासऱ्यांना दुपारी स्वतः पकडलेली इसवण, म्हणजे सुरमई, वाढेन, असं तो बोलून बसला होता. खाली इसवणांचा थवा चमकत होता. पण पत्र्याचा चकचकीत मासा, रबरी सुंगट म्हणजे कोळंबी, ताजी तारली, कशालाच तोंड लावेना.

"खडकाच्या राखणदाराला बिडी ठेवलीस?" मी विचारलं. इथल्या अदृश्य राखणदाराला बिडी दिल्याशिवाय कुणी गरी टाकत नाही.

"खिशातच राहिली रे." त्याने ती गरीलाच टोचली. "एका फेकीत राखणदार आणि मासा, दोघेही खूश."

दोरी ताणली गेली. त्याने ओढली. बिडी परत आली, अर्धी ओढलेली, पेटलेली. खाली सगळा थवा स्थिर राहून आमच्याकडे बघत होता.

"आज सोमवार ना? सासरे मासे खाणार नाहीत."

"रविवार."

"सोमवारच," म्हणत गौरेशने दोरी गुंडाळली.