काळ्या कागदातली बाटली

तिने बाटलीवरचा काळा कागद सोडवला, लगेच पुन्हा गुंडाळला, आणि क्षणभर थांबून परत सोडवला. आतलं पाणी नितळ होतं. काल संध्याकाळी कपाटात ठेवताना ते गडद निळं होतं.

यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. तिच्या तीन वर्षांच्या कामाचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता. कापड रंगवल्यावर सांडपाण्यात जो रंग उरतो, तो तिने बनवलेली बारीक पावडर उजेडात मोडून टाकते. पावडर नाही, उजेड नाही, तर रंग जागचा हलत नाही. कपाटातल्या बाटलीत पावडर नव्हती आणि उजेडही तिला दाखवलेला नव्हता. शोधनिबंधासाठी पहिल्यांदाच, निव्वळ तुलनेसाठी ठेवलेली बाटली ती. तिने रात्रभर निळं राहायचं, एवढंच काम, आणि तेही तिला जमलं नव्हतं.

"झालं का?" सरांनी दारातूनच विचारलं. "आज पेपर पाठवायचाय."

"अर्धा तास द्या, सर."

"घे की. तुझ्या हाताला गुण आहे, तुला कोण घाई करणार!"

हाताला गुण असल्याचा शोध शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्यामुळे लागला होता. तीच पावडर, तोच दिवा, तोच रंग. तिचं पाणी तासाभरात निवळायचं, त्याचं चार तासांत जेमतेम अर्धं. दोन महिने तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता, आणि ती, खरं सांगायचं तर, मनातून सुखावत होती. तिची पावडर सुधारतच चालली होती. पहिल्या वर्षी पाच तास लागायचे, दुसऱ्या वर्षी तीन. आई तर दिसेल त्या नातेवाइकाला सांगत सुटली होती, "आमची मुलगी उन्हाने पाणी धुते!" आता फक्त हा शोधनिबंध जायचा, की पदवी हातात.

तिने एक बाटली आपल्या मांडणीवरची घेतली, एक दाढीवाल्याच्या. दोन्हींत तेच निळं पाणी ओतलं. पावडरीचा कणही घातला नाही. दोन्ही कपाटात ठेवल्या आणि घड्याळाकडे बघत नखं खात बसली. वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा दाढीवाल्याची बाटली होती तशी निळी होती. तिची फिकट पडली होती.

म्हणजे पावडर नाही, दिवा नाही, हातही नाही. मग काय? तिने मांडणीवरची आणखी एक रिकामी बाटली उचलली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, नाकाशी नेली. पोहण्याच्या तलावावर येतो तसला पुसट वास आला.

कपाटातली रात्रीची बाटली हातात घेऊन ती धुण्याच्या खोलीत गेली. प्रयोगशाळेतली काचेची भांडी तीस वर्षं शिपाईमामाच धूत आले होते. मोठ्या हौदात सगळ्यांची भांडी साबणाच्या पाण्यात पडली होती. तिच्या बाटल्या मात्र कोपऱ्यातल्या एका बादलीत होत्या, आणि बादलीशेजारी ब्लीचिंग पावडरचा डबा होता.

"तुझ्या वेगळ्या ठेवतो मी," तिची नजर पाहून मामा म्हणाले. "सगळ्यांच्यात मिसळत नाही."

"का, मामा?"

"तू नवीन होतीस तेव्हा डागाळलेल्या बाटल्यांवरून सर तुला बोलले होते. इथे नळ सोडून रडत होतीस. नळाच्या आवाजात ऐकू जात नाही, असं सगळ्यांनाच वाटतं." त्यांनी एक बाटली उजेडात धरून फिरवली. "पहिल्या वर्षी एकच चमचा टाकायचो. डाग हटेनात, तेव्हा वाढवत गेलो. आता तीन टाकतो. आणि नंतर फार विसळत नाही, नाहीतर नळाच्या पाण्याचे डाग पडतात. परत कुणी काही बोललं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. पाच तास, तीन तास, एक तास; चमचे वाढले तसे तास घटले होते. तिला रडू येत होतं, हसूही येत होतं आणि भयंकर राग आला होता. तो कुणावर काढायचा, ते मात्र समजेना.

"अरे वा, झालं की!" सर तिला शोधत मागोमाग आले होते. त्यांचं लक्ष थेट तिच्या हातातल्या नितळ पाण्याकडे गेलं.

"सर, ही कपाटातली आहे. यात पावडर नाही."

सरांचं हसू जायला थोडा वेळ लागला. "मग?"

"बाटल्या नीट धुतल्या गेल्या नव्हत्या. चूक माझीच. सगळे आकडे पुन्हा काढावे लागतील. पेपर थांबवा."

"छे, छे!" मामा मध्ये पडले. "सर, ही पोरगी उगाच अंगावर घेतेय. हिच्या बाटल्या मी स्वतः धुतो. त्यात खोट निघायचीच नाही."

"मामा, राहू द्या ना."

"का म्हणून राहू द्या? खरं आहे ते बोलायला मला कसली भीती?"

सरांनी बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या डब्याकडे. 

"कशा धुता, मामा?" शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं.

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मामांनी ओले हात टॉवेलला पुसले, एक स्टूल सरांसाठी आणि एक तिच्यासाठी पुढे ओढलं, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.