वर्गातली सर्वात उंच पोरगी

नागनाथ सरांचा राग मुळातच नाकावर. त्यात सोमवारी रेणुकाबाई शेतावर जाता जाता थेट आठवीच्या वर्गात घुसल्या आणि पोरांदेखत त्यांनी सरांची खरडपट्टी काढली.

"काऊन जी सर, तुमाले दुसरी पोरगीच भेटत नाई? रोज उठून माह्याच हर्षालीले काऊन उभी करता?"

"अहो बाई, मी इंग्रजी विशेषणं शिकवतो!"

सरांची पद्धत जुनी होती. तीन मुलं भिंतीला उभी करायची. करण टॉल, मयूरी टॉलर, हर्षाली टॉलेस्ट. मग सगळ्या वर्गाने बेंबीच्या देठापासून ओरडायचं, 'हर्षाली इज द टॉलेस्ट गर्ल इन द क्लास.' पोरं धडा विसरत, पण हे वाक्य विसरत नसत.

"थे वाक्य मयूरी घरी घोकते, आन् तिचा बाप आयकते," रेणुकाबाई म्हणाल्या. "भासरे म्हणते, मास्तरच सांगून राह्यला, वर्गात सर्वात मोठी झाली, आता कायले ठेवता शाळेत? स्थळ पाहून राह्यले ते."

भासरे म्हणजे त्यांचा थोरला दीर, पंढरी. हर्षालीचा बाप वारला तेव्हापासून घरात शब्द चाले तो त्याचाच. मयूरी ही त्याची स्वतःची लेक.

"उंची म्हणजे वय नव्हे, एवढं घरी सांगा," सर कडाडले. "मला शिकवायला शिकवू नका."

"सांगणारी मी कोण? तुमचं थे एक वाक्य बंद करा." आणि बाई पाय आपटत निघून गेल्या.

सरांना ते झोंबलं. एका बाईने दटावलं म्हणून धडा बदलायचा? उद्या सारं गाव येऊन फळा पुसेल. म्हणून मंगळवारी त्यांनी मुद्दाम, हट्टाने, सगळ्यांत आधी हर्षालीलाच पुकारलं. पोरगी उठली ती पाठीला पोक काढून, गुडघे वाकवून. मयूरीएवढी दिसायची तिची सगळी धडपड चालली होती.

"ताठ उभी राहा!" सर खेकसले. ती राहिली नाही.

तेवढ्यात खिडकीत दोन डोकी दिसली. एक पंढरीचं, दुसरं कुणा अनोळखी माणसाचं.

"चालू द्या सर," पंढरी हसत म्हणाला. "हे पावणे इंद्रवेल्लीचे. पोरासाठी पोरगी पाहून राह्यले. ते टॉलेस्टवालं घ्या न एकदा. म्हंजे त्यायले समजते कोणती थे."

सरांच्या हातातला खडू मोडला. चहापोह्यांचा खर्च वाचवून पंढरीने पोरगी दाखवायचा कार्यक्रम त्यांच्याच तासाला मांडला होता, आणि पुकारा करायचा होता त्यांनी! कालची बाई खरं बोलत होती. सरांना तिचाही राग आला, पंढरीचा तर आलाच, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. पोलिसांचं नाव काढलं तर गाव एक होऊन सगळं दडपतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"उंची काल संपली," ते म्हणाले. "आज वय. ओल्ड, ओल्डर. मयूरी, पुढे ये. म्हणा रे, मयूरी इज ओल्डर दॅन हर्षाली."

वर्ग ओरडला. सरांनी खिडकीकडे वळून मराठी केलं, "म्हणजे मयूरी हर्षालीपेक्षा मोठी आहे. शाळा उघडल्यावर वाढदिवसाची चॉकलेटं वाटली हिने. जन्मसाल एकच, पण हर्षालीचा वाढदिवस दिवाळीनंतर."

पाहुण्याची नजर सरकली. "ही कोणाची?"

"पंढरीकाकाचीच," मागून कुणीतरी ओरडलं.

"मंग मोठी घरात असताना लहानी काऊन उजवून राह्यले?" पाहुणा पंढरीला म्हणाला. "हीच दाखवा न. रंगानंही उजळ हाये." आणि तो मयूरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागला.

"ओ पावणे!" पंढरी गरजला. त्याचा चेहरा लालबुंद झाला. "नजर खाली करा! माही मयूरी लहान हाये अजून. लेकरू हाये थे! शाळेत शिकून राह्यली!"

आपण काय बोललो हे पंढरीला तोंडातून निघून गेल्यावर कळलं, पण आता ते चाळीस पोरांनी ऐकलं होतं आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचणार होतं. पाहुणा तणतणत निघाला. पंढरी त्याच्यामागे गेला नाही. तो तिथेच गज धरून उभा राहिला.

सरांना जिंकल्यासारखं वाटलं. ते वळले, तर मयूरी हुंदके देत होती. भर वर्गात त्या माणसाची नजर तिच्यावर पडली होती, आणि तिला तिथे सरांनीच उभं केलं होतं.

हर्षाली तिच्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभी राहिली. गुडघे सरळ, पाठ ताठ, पुरती उंच. मयूरीच्या वेणीचं टोकसुद्धा बाहेरून दिसत नव्हतं.

तिने आधी काकाकडे रोखून पाहिलं. मग सरांकडे.

"झालं काय सर तुमचं?" ती म्हणाली. "आता आमाले बसू द्या."