फळ्यांखालची गुरगुर

नळवाले सकाळपासून हॉलमध्ये पालथे पडले होते. नाचाच्या वर्गासाठी घातलेल्या लाकडी जमिनीच्या दोन फळ्या त्यांनी उचकटल्या होत्या आणि त्या भोकातून कमरेपर्यंत आत शिरून ते पाना फिरवत होते. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे दोन पाय, आणि त्या पायांशेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला त्यांचा मेव्हणा.

"दाजी, आहात का गेलात?"

"बारका पाना दे. आणि तोंड बंद ठेव, धूळ जाईल."

मेव्हण्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, समोरच्याच गल्लीत. नळवाल्यांचा जन्म गेला होता तोट्या, वळणं आणि गळती यांच्यात. पण आज दोघांनी मिळून जे काम अंगावर घेतलं होतं, ते दोघांपैकी कुणाच्याच धंद्यात पुरतं बसत नव्हतं.

गोष्ट अशी होती. नळवाल्यांची बायको, म्हणजे मेव्हण्याची थोरली बहीण, या हॉलमध्ये बायकांना नाच शिकवायची. सगळे तिला बाईच म्हणत. अलीकडे बाईंच्या कानांनी हळूहळू रजा घेतली. आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग माणसांची बोलणी. ओठ बघून त्या निभावून न्यायच्या. पण ठेका काही ओठांवर दिसत नाही. वर्गात त्यांचा ठेका चुकायला लागला, आणि शिकणाऱ्या बायका त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याबरोबर मुद्दाम चुकीच्या ठेक्यावर नाचायला लागल्या. एक दिवस बाईंनी आरशात पाहिलं, तर शिकणाऱ्यांपैकी बेकरीवाली शेजारच्या नर्सला डोळ्याने खुणावत होती, थांब थांब, बाई ठेक्याच्या मागे पडल्यात.

बाईंनी त्या दिवशीचा वर्ग तिथेच आटोपला. घरी येऊन म्हणाल्या, "माझ्यासाठी चूक नाचतात हो त्या! अशी दया घेऊन मी शिकवणार नाही. दुसरी बाई बघा म्हणून सांगते आणि हॉलची किल्ली मालकाला देऊन टाकते."

नळवाल्यांनी खूप विनवलं. शेवटी एवढंच कबूल झालं, की त्या एकदा, फक्त एकदा, जमिनीवर येऊन उभ्या राहतील. कानांना नाही तर नाही, तळपायांना ठेका लागला तर वर्ग चालू. नाही लागला, तर संध्याकाळी बायका आल्या की त्यांना निरोप द्यायचा. ती संध्याकाळ आजचीच होती.

म्हणून फळ्यांच्या खाली, मधल्या आडव्या तुळईला, नळवाल्यांनी एक सबवूफर बोल्टांनी आवळून बसवला होता. सबवूफर म्हणजे ढोलासारखा खोल, जाड आवाज तेवढा काढणारा डबा. गाणं वाजवायचं यंत्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला कपाटात होतं. तिथून इथपर्यंत तार आणायची होती, आणि तारेचं खातं नळवाल्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"जाड आवाज, तर जाड तार," त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. "अर्ध्या इंची नळाने टाकी भरते का कधी?"

"दाजी, तार ती तार," मेव्हणा म्हणाला होता. "बारीक आवाजाचे नखरे असतात. हा ढुम्म करणार, याला कसली आलीय नाजूक तब्येत? दोरी बांधली तरी वाजेल."

तेव्हा नळवाल्यांनी करंगळीएवढी जाड, जोडीने जाणारी उघडी तार आणली. उघडी म्हणजे दोन तांब्याच्या तारा, वर नुसतं प्लॅस्टिक. आणि काम कसं, तर देखणं! भिंतीच्या कडेने दिव्यांच्या विजेची जी नळी गेली होती, तिच्यातच त्यांनी ही तारही घातली. एक नळी, एक रेघ, कुठे लोंबणं नाही, कुठे ठिगळ नाही.

आता ते भोकातून बाहेर आले, केस झटकले आणि मेव्हण्याने बटण दाबलं. गाणं अजून लावलंच नव्हतं, तरी फळ्यांखालून बारीक गुरगुर सुरू झाली.

नळवाल्यांनी तळहात फळीवर टेकला. चेहरा असा खुलला, की बघत राहावं. "अरे, हात लाव, हात लाव! नुसता उभा आहे तरी गुरगुरतोय. काय दम आहे बघ!"

"वाघ आहे, दाजी, वाघ!"

मग गाणं लागलं. ढुम्म. खिडकीची काच थरारली. ढुम्म. खुंटीवरची पिशवी हलली. दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर थापा मारू लागले. नळवाले जिना उतरून स्वतः बाईंना घेऊन आले.

बाईंनी दारातच चपला काढल्या आणि जमिनीच्या मधोमध, भोकाच्या जरा अलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटले. गाणं चालू झालं. नळवाले श्वास धरून त्यांच्या पायांच्या बोटांकडे पाहत होते. बोटं किंचित हलली, थांबली, पुन्हा हलली आणि मग थांबलीच.

बाईंनी डोळे उघडले. "गाणं बंद करा."

मेव्हण्याने बंद केलं.

"अजून वाजतंय."

"नाही ताई, बंद केलंय," मेव्हणा म्हणाला.

"तुझ्या मिशीमुळे मला काही कळत नाही. एक तर मिशी काप, नाही तर यांना बोलू दे."

नळवाल्यांनी तोंड नीट उघडून सांगितलं, "अगं, गाणं बंद आहे."

"मग ही जमीन कोणाशी पुटपुटतेय?" बाईंनी पाय आपटला. "ठोका येतो, तो कळतो मला. पण तो संपतो कुठे, ते कळत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये जमीन गप्पच बसत नाही. सारखी आपली हूं, हूं, हूं. अहो, गप्प बसल्याशिवाय ठेका होतो का कधी?"

नळवाल्यांचा चेहरा उतरला. ज्या गुरगुरीला ते दम म्हणत होते, तीच खोड निघाली.

बाई खिडकीशी जाऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "तुम्ही दोघांनी पुष्कळ केलंत," त्या म्हणाल्या. "बायका येतीलच आता. मी बोलते त्यांच्याशी."

नळवाल्यांनी मेव्हण्याला बाही धरून कपाटापाशी ओढलं. "ती गुरगुर काढ."

"मशीन आहे म्हटल्यावर थोडं हुंकारणारच, दाजी."

"कपाटातलं टोक काढून बघ."

मेव्हण्याने तार यंत्रापासून सोडवली. गुरगुर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मग त्याने भोकापाशी जाऊन आत हात घातला, तारेचं दुसरं टोक डब्यातून उपटलं, आणि जमीन एकदम शांत झाली. खिडकीजवळ बाईंनी मान वर केली. त्यांचे पाय फळ्यांवरच होते.

"म्हणजे डबा निर्दोष, यंत्र निर्दोष," मेव्हणा पुटपुटला. "गुरगुर तारेतच भरतेय. पण तार तर चांगली जाडजूड आहे."

नळवाले भिंतीवरच्या आपल्या देखण्या नळीकडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांनी कपाळावर हात मारला, तो असा, की बाईंनीही वळून पाहिलं.

"मी नळवाला आहे की कोण आहे रे! गरम पाण्याचा नळ आणि गार पाण्याचा नळ उघडेच शेजारी नेले, तर गार तोटीतून काय येतं?"

"कोमट पाणी."

"मग मी काय केलंय? विजेची तार आणि ही उघडी तार एकाच नळीत झोपवलीय! वीज हिच्या अंगाला लागतेय. कोमट येतंय सगळं, कोमट!"

मेव्हण्याचे डोळे लकाकले. आता त्याच्या डोक्यातही चक्रं फिरायला लागली. "आणि दाजी, जाड असून उपयोगच नाही. डब्याची ताकद डब्याच्या पोटात आहे, त्याला वेगळी वीज दिलीय. या तारेतून ताकद जातच नाही, निरोप जातो."

"मग निरोप सांगायला मी पैलवान पाठवला?"

"पैलवान, आणि तोही उघडा! बाजारातून जाताना ज्याने त्याने कानात काहीबाही सांगितलं, आणि याने इथे येऊन ते सगळं ओकलं."

"म्हणजे निरोप्याला अंगरखा पाहिजे," नळवाले म्हणाले. "गरम नळाला आपण गुंडाळतो तसा."

मेव्हणा ते ऐकायला थांबलाच नाही. जिन्यावरून धडाधड खाली गेला आणि परत आला तो खांद्यावर काळ्या केबलचं भेंडोळं घेऊन. "टीव्हीच्या छत्रीची केबल! दुकानात खुंटीला लटकत होती. रोज डोकं आपटतं माझं तिच्यावर!"

"ही? ही तर चित्राची."

"कापून बघा."

नळवाल्यांनी सुरीने टोक सोललं. वर काळी साल. तिच्याखाली बारीक तारांची विणलेली जाळी, तिच्याखाली चंदेरी कागद, मग पांढरा फेसासारखा थर, आणि अगदी आत, राणीसारखी बसलेली, तांब्याची एकच सडपातळ तार.

"अरे वा!" नळवाले अगदी हळू म्हणाले. "हिला म्हणतात गुंडाळणं."

मग काय विचारता! एकाने केबल सोडायची, दुसऱ्याने ठोकायची. या वेळी विजेच्या भिंतीला हातच लावला नाही. समोरच्या भिंतीने गेले. दाराशी विजेची तार ओलांडणं भाग होतं, तिथे नळवाल्यांनी केबल काटकोनात, सरळ आडवी नेली. "भेटायचं आणि निघायचं, शेजारी झोपायचं नाही," ते केबलला बजावत होते. एक टोक डब्यात खोचून त्यांनी उचकटलेल्या दोन्ही फळ्या पुन्हा ठोकून बसवल्या. जिन्यावर बायकांची पावलं वाजायला लागली, तेव्हा मेव्हणा कपाटाशी घाम पुसत, केबलच्या टोकाला यंत्रात खोचायची पिन पकडीने दाबत होता.

बेकरीवाली, नर्स आणि आणखी चौघी-पाचजणी दारात येऊन थबकल्या. बाई उठून उभ्या राहिल्या.

"लाव!" नळवाले ओरडले.

मेव्हण्याने बटण दाबलं. गुरगुर नाही. गाणं लावलं. ढुम्म नाही. काहीच नाही. जमीन मेल्यासारखी गार.

"मेव्हणेबुवा, तुम्ही तिला फारच गप्प केलंत," नळवाले दात आवळून म्हणाले.

बाईंनी घसा साफ केला. "बायांनो, या, बसा. मला तुम्हाला सांगायचंय..."

"थांब!" नळवाल्यांनी दोन्ही हात वर केले, बायकोला दिसतील असे. "अगं, एक श्वास थांब!"

ते कपाटाशी गुडघ्यावर बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पिन नाकाशी धरली. जाळीची एक केसाएवढी तार मागे दुमडायची राहून गेली होती. ती पुढे येऊन मधल्या तारेला चिकटली होती. निरोप डब्याकडे न जाता तिथल्या तिथेच परत फिरत होता.

"गळती!" ते हर्षाने म्हणाले. जन्मभर हा शब्द त्यांनी इतक्या आनंदाने कधी उच्चारला नसेल. नखाने ती तार काढली, पिन पुन्हा दाबली, खोचली.

ढुम्म.

आणि मग काही नाही. खरोखर काही नाही, विहिरीच्या तळासारखी स्वच्छ शांतता. ढुम्म. पुन्हा तीच.

बाई वाक्य अर्धं टाकून उभ्या होत्या. त्यांनी डावा पाय उचलला आणि ठोक्यावर ठेवला. उजवा उचलला, ठेवला. टाच, बोटं, टाच. मग हात उघडले आणि त्या अशी गिरकी घेऊन फिरल्या, की नर्सने तोंडावर हात धरला.

"उभ्या काय राहिलात?" बाई गरजल्या. "रांगा करा!"

बायका पिशव्या टाकून धावल्या. फळ्या दणाणू लागल्या. बाई आरशाकडे पाठ करून, डोळे मिटून, बायकांच्या पुढे नाचत होत्या, आणि मध्येच तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी. तिसऱ्या ठोक्याला उशीर होतोय. माझ्यासाठी चुकतेयस, का खरंच चुकतेयस?"

बेकरीवाली जागच्या जागी थिजली. "खरंच चुकतेय हो, बाई!" ती ओरडली, आणि सगळा हॉल हसला.

मेव्हण्याने नळवाल्यांना कोपर मारलं. "दाजी, ही तर पायांनी सगळ्यांची पावलंही ऐकतेय!"

"हळू बोल," नळवाले म्हणाले. डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. एकात पकड, एकात केबलचा तुकडा. कडेच्या फळीवर उभे राहून ते नकळत पाय आपटत होते.

"अहो," बाई न वळता म्हणाल्या, "कडेला जे कोणी घोड्यासारखे खूर आपटताय, ते ठेक्यात नाहीत. एक तर नीट नाचा, नाही तर खाली उतरा."

नळवाल्यांनी पकड मेव्हण्याच्या हातात कोंबली, बूट भिरकावले आणि मागच्या रांगेत बेकरीवालीच्या शेजारी जाऊन उभे राहिले.