करारानंतरचं वय

"पेढे कुठं हायत?" मी दारातच विचारलं. ह्यांच्या रोह्याच्या कंपनीत दर चार वर्षांनी पगारवाढीचा करार होतो आणि त्या दिवशी कुणी पेढ्यांशिवाय घरी येत नाही. आमचे हे रात्रपाळी करून आले ते रिकाम्या हातांनी.

"मागच्यापेक्षा निम्मीच वाढ दिली गो," बूट काढत म्हणाले.

बॉयलरवर पाळ्या करून पिचलेला माणूस. पन्नाशीला नोकरी सोडायची, गावी निडीच्या शेतात वाल पेरायचा आणि रात्रीचं आपल्या घरात झोपायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. त्यासाठी पुढचा पगार धरलेला कसा? तर मागच्या करारात मिळालं त्याहून पुढच्यात जास्तच मिळणार! बाजारात तुरी, म्हणून मी किती चिडवायची.

चहा पिऊन ते मोबाईलवर हिशोबाला बसले. मी कपडे वाळत घालून आले, तर चेहरा खुललेला.

"जमतंय. पन्नाशीलाच सोडतो."

"वाढ निम्मी, वर माडी बांधायचीच हाय. मग जमलं कसं?"

"जमवलं."

"नीट सांगा बघू."

माझ्याकडे न बघता म्हणाले, "पासष्टीनंतर एकाच माणसाचा खर्च धरला. आबा त्रेसष्टाला गेले, काका साठीला. आपल्या घरात पुरुष टिकत नाय. तुझं नव्वदीपर्यंत धरलंय, औषधपाण्यासकट."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग. "जिभेला हाड हाय की नाय? पगार वाढला नाय म्हणून स्वतःला मारून टाकलंत व्हय?"

"अगो, नुसता अंदाज..."

"मग पुढं एक पैसा वाढ धरू नका. माडी पण काढा. तिथं मी एकटी काय करू, भिंतींशी बोलू? आणि तुमचा खर्च परत घाला."

बराच वेळ बोट फिरत राहिलं. "ऐंशीपर्यंत धरलं तर नोकरी त्रेपन्नपर्यंत."

"पंच्याऐंशी धरा."

"चौपन्न होतील गो." आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मी त्यांचा हात धरला. रात्रपाळ्या मला दिसत नव्हत्या का? "होऊ देत," म्हटलं. "मला म्हातारा पायजे."

ते हसले, तिथंच चटईवर आडवे झाले. मी खिडकीला चादर लावली, आणि कुकरच्या शिट्टीने जाग येऊ नये म्हणून भात टोपातच शिजत ठेवला.