आबेलचं इंजेक्शन

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि आज माझं डोकं तापलेलं आहे. फ्रीजचं डोकं कसं तापतं, असं विचारू नका. आधी ऐकून घ्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या द्राक्षखोऱ्यात, मळ्यावरच्या मजुरांच्या वस्तीत माझं घर. मी नवा कोरा आलो तेव्हा बर्फ बघायला सगळी वस्ती लोटली होती. सीना मला लेकरासारखं पुसायची. पण तिचा नवरा आबेल वेलींची छाटणी करून आला की दूध, मटण बाजूला सारून माझ्यात वाइनची चंदेरी पिशवी कोंबायचा. त्याच्या बापाला मळेवाल्याने मजुरी म्हणून वाइनच पाजली होती. व्यसन आबेलच्या वाट्याला आलं आणि शिव्याही त्यालाच.

मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका चाचणीत घेतलं. वजन उतरवायचं एक औषध दारूची तलफही कमी करतं का, हे त्या तपासत होत्या. काहींना औषध, काहींना नुसतं पाणी. कोणाला काय, ते कोणालाच सांगत नव्हते. पेनासारखं ते इंजेक्शन माझ्या वरच्या कप्प्यात राहू लागलं. दर रविवारी चर्चहून आला की आबेल ते पोटाला टोचायचा. सुरुवातीला बिचारा ओकून ओकून बेजार झाला. पण हळूहळू वाइनची पिशवी माझ्यात तशीच पडून राहू लागली. एक दिवस सीनाने ती फेकली आणि तिथे टरबूज ठेवलं. मी किती खूश झालो म्हणून सांगू.

आणि वस्तीतले लोक काय म्हणाले? "आबेल, कंबर काय उतरलीय रे तुझी." माणसाची दारू सुटली, त्याचं कोणाला काहीच नाही.

सीनाची बहीण मर्लीन तर त्या पेनावर डोळे लावूनच बसली होती. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि स्वतःसाठी शिवलेला झगा अंगात शिरेना. एकदा घरात कोणी नाही असं बघून ती आली, माझं दार उघडलं आणि पेन पर्समध्ये टाकून निघून गेली. मी नुसता घरघरत राहिलो.

रविवारी आबेलने सगळा कप्पा उपसला. पेन नाही. डोस चुकले, तलफ परत आली. दवाखान्याने हिशेबासाठी पेन मागितलं, ते त्याला देता येईना. त्यांनी त्याला चाचणीतून काढलं.

"विकलंस," सीना म्हणाली. "दारूपायी विकलंस. वाटलंच होतं मला."

मर्लीन तिथेच उभी होती. "जाऊ दे गं ताई, दाजींचं हे नेहमीचंच."

निर्लज्ज बाई!

लग्नाच्या आदल्या दिवशी ती आमच्याच मोरीत भडाभडा ओकली. सीनाला ते ओकणं ओळखीचं होतं. तिने बहिणीची पर्स उघडली.

"अगं, एवढुसं तर घेत होते," मर्लीन रडत म्हणाली.

सीना आबेलला घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. चाचणीत परत घेता येत नाही, नियम आहे. दुकानात ते औषध मिळतं, पण कंबर बारीक करायला पैसे मोजणाऱ्यांना. मजुराने काय करायचं?

घरी आल्यावर सीना म्हणाली, "चुकलं रे माझं."

"औषध गेलं ते गेलं," आबेल म्हणाला. "पण विकलंस का, असं तू विचारलंही नाहीस. विकलंस, म्हणालीस."

मित्रांनो, दुसऱ्याच्या औषधाला हात लावू नका. आणि व्यसनातून उठू बघणाऱ्या माणसाला बोल लावण्याआधी त्याला विचारा, त्याचं ऐका. त्याला तोंड असून कोणी ऐकलं नाही, म्हणून हे सगळं मला, एका फ्रीजला, बोलावं लागलं.