शेवंती तांडेलीण मागे राहिली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बाहुली आहे. उंची म्हणाल तर तुमच्या करंगळीएवढी. हातात वल्हं, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं आणि चेहऱ्यावर जरासं वाकडं नाक. माझं नाव शेवंती तांडेलीण. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या, ज्याच्या शब्दावर बाकीचे जाळं टाकतात आणि ओढतात. आजकाल माझं नाव लांबलांबच्या शहरांतल्या मुलांनाही ठाऊक आहे. माझी गोष्ट ऐकून काहींना म्हणे रडू येतं. ती गोष्ट खोटी आहे, आणि मला तिचा राग येतो. म्हणून खरी काय ती आज मीच सांगते.

माझा जन्म सावंतवाडीचा. तिथे लाकडाची फळं करणारे गुरुदासकाका आहेत. आंबा, केळं, सीताफळ असं हुबेहूब करतात की पाहुणे चावायला बघतात. बाहुली मात्र त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. आचऱ्याची रसिका त्यांच्याकडे गेली आणि वल्हं धरलेली बाई करून द्या म्हणून हटून बसली. काकांनी आधी कपाळाला हात लावला, मग पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा घेतला. हात फळांना सरावलेला, त्यामुळे माझे गाल काजूच्या बोंडासारखे झाले. नाक कोरताना कोणीतरी हाक मारली आणि ते वाकडं गेलं. काका दुसरी करून देतो म्हणाले, पण रसिकाने मला उचललं ते सोडलंच नाही. वाऱ्यात उभी राहणारी बाई अशीच दिसणार, असं तिचं म्हणणं. मला ते फार आवडलं.

रसिकाला मी हवी होते एका खेळासाठी. त्या खेळात पट नसतो आणि सोंगटी घरी नेऊन कोणी जिंकत नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करील ते बोलून दाखवतात. साधलं की फसलं ते फासा ठरवतो. आपल्या दशावतारात नट उभ्या उभ्या संवाद रचतात ना, तसंच, फक्त तोंडाला रंग लावायचा नाही. रसिकाचं पात्र म्हणजे मी. ती बोलायची आणि मी टेबलावर उभी राहायचे. मी कुठे उभी आहे त्यावरून शेवंती कुठे आहे ते सगळ्यांना कळायचं.

आचऱ्याला, रसिकाच्या समुद्रासमोरच्या पडवीत आमचा खेळ रंगायचा. शेजारचा सुशांत असायचा. तो आणि रसिका एकाच बाकावर शिकले, एकाच सायकलवरून पडले. रसिकाची मावसबहीण तेजस्वी असायची. तिचं अर्धं लक्ष नेहमी खाण्यात. सूत्रधार आळीपाळीने कोणीही व्हायचं. खेळ सुरू करण्याआधी सुशांत गाऱ्हाणं घालायचा. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, एक जण मागणं मागतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सुशांत डोळे मिटून, हात जोडून, अगदी गावच्या मानकऱ्याच्या आवाजात म्हणायचा की, बा देवा म्हाराजा, ही पोरां खेळाक बसली आसत, तेंका सांभाळून घे. सगळ्या पोरी ओरडायच्या, ‘व्हय म्हाराजा!’ पुढे पुढे आमचा हा कायदाच झाला. कोणताही बेत सुशांतने गाऱ्हाण्यात मांडायचा आणि बाकीच्यांनी व्हय म्हटलं की तो पक्का. त्या पडवीत मी वादळं पाहिली, चाचे पाहिले, एकदा तर मगरीच्या पोटातून बाहेर आले. बरी होती ती वर्षं. माझ्या वल्ह्याचा रंग गेला आणि मला त्याची ऐट वाटायची.

मग कुडाळला मोठा मेळावा भरणार असल्याची बातमी आली. मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू, सगळीकडून खेळणारे यायचे होते. हमरस्त्यालगतच्या एका भल्यामोठ्या सभागृहात टेबलांच्या रांगा लागल्या. अशा मेळाव्याची रीत वेगळी असते. सगळ्या टेबलांवर एकच गोष्ट, एकाच वेळी खेळतात. नियम सगळ्यांना सारखे. तिथे मेलेलं पात्र मेलं, घरच्यासारखं पुढच्या रविवारी उठून बसत नाही. प्रत्येक टेबलावरून एक जण संध्याकाळच्या शेवटच्या खेळात जाणार होता, आणि त्या शेवटच्या खेळात ज्याचं पात्र तगेल ते पुढच्या वर्षीच्या गोष्टीत छापून येणार होतं. म्हणजे देशभरातली मुलं त्या पात्राला भेटणार. रसिका आठवडाभर धड जेवली नाही. शेवंतीला तिथवर न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात. सुशांतच्याही डोक्यात आपल्या पात्राविषयी तेच होतं, पण तो ते बोलला नाही. मला वाटलं, तो आमच्यासाठी आनंदात आहे.

आमच्या टेबलाची सूत्रधार होती पुण्याची शर्मिला. बोलायला गोड, नियमाला पक्की. तिने सुरुवातीलाच सांगितलं की कोणाला मध्ये उठावं लागलं तर आपल्या वतीने कोण बोलणार ते सांगून जावं, आणि त्या माणसाचा शब्द तोच तुमचा शब्द धरला जाईल.

गोष्ट समुद्रातल्या गुहेची होती. आत एक दिवा, आणि तो बाहेर आणील तो शेवटच्या खेळात जाईल. आम्ही दिव्यापर्यंत पोचलो. तेवढ्यात भरती सुरू झाली आणि गुहेचं दगडी दार खाली यायला लागलं. दिवा जागेवर ठेवला तर दार थांबत होतं आणि सगळे सुखरूप बाहेर पडत होते. दिवा उचलला तर कोणीतरी आत राहून दार खांद्यावर धरायला हवं होतं. आत राहील तो बुडणार, हे शर्मिलाने स्पष्टच सांगितलं.

नेमका तेव्हाच सुशांतचा फोन वाजला. त्याची आई, सुभद्राकाकी, आचऱ्याहून एस्टीने आली होती. पोरं बाहेरचं काय खातील म्हणून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेऊन. ती दाराशी उभी होती आणि एवढ्या गर्दीत तिला आत यायचं धाडस होईना. सुशांतने रसिकाकडे बघितलं. आपली पाळी कोणत्याही क्षणी येईल, तूच जाऊन ये, असं तो म्हणाला. आई त्याची आणि जायचं रसिकाने! पण रसिकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. काकीच्या हातचं खाऊनच ती मोठी झाली होती.

उठताना तिने मला दाराच्या बाहेरच्या बाजूला, सगळ्यांच्या जवळ उभं केलं. “दिवो ऱ्हवांदे,” ती सुशांतला म्हणाली. “दुसरो खेळ मिळात. सगळ्यांनी भायर येवया. माझ्या शेवंतीक सांभाळ.”

“जा गो तू,” सुशांत म्हणाला. “मी आसंय न्हय.”

शर्मिला तेव्हा शेजारच्या टेबलाच्या सूत्रधाराशी बोलत होती. ती वळली तेव्हा रसिका रांगांमधून निघून गेली होती आणि तिच्या वतीने आपण बोलणार असं सुशांतने सांगितलं. मग मित्रांनो, त्याने मला उचललं. मी त्याची बोटं ओळखत होते. मी त्या पडवीत कितीदा तरी खाली पडले आणि त्यानेच मला झाडून परत उभं केलं होतं. त्या बोटांनी मला आत नेलं आणि दाराखाली ठेवलं. आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, भरती वाढता आसा, शेवंती दार धरून ऱ्हवता, बाकीचे दिवो घेवन भायर जातत, ह्या मान्य करून घे रे म्हाराजा.

तेजस्वी फाशांशी चाळा करत होती. आंबोळ्यांचं नाव ऐकल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. गाऱ्हाणं संपलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “व्हय म्हाराजा.”

शर्मिलाला आमचे प्रकार नवे. तिला गंमत वाटली, पण तिने विचारलं, “हे रसिकाला चालणार आहे का? तिचं पात्र जाईल.”

“हो, ती स्वतःच सांगून गेलीय,” सुशांत म्हणाला. अगदी शुद्ध मराठीत. कचेरीत बोलतात तसं.

मी ओरडले असते. पण मी लाकडाची. माझ्या वतीने बोलणारी बाहेर दाराशी दुसऱ्याच्या आईच्या हातातली पिशवी घेत होती. पाणी चढलं, फासा पडला, सुशांतच्या पात्राने दिवा बाहेर नेला आणि शर्मिलाने मला हळूच आडवं केलं. तिथली रीतच तशी आहे, मेलेल्याला आडवं करतात. मला मगरीचं पोट आठवलं. तिथून हाच सुशांत मला काढायला आला होता.

रसिका परतली ती काकीला हाताला धरून. एवढा थाट काकीने कधी पाहिला नव्हता, ती सगळीकडे हसत बघत होती. रसिकाने टेबलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सुशांतकडे. सुशांत फासे पिशवीत भरत होता, वर बघेना. शर्मिला उठून तिच्यापाशी आली. “फार मोठं मन दाखवलंत,” ती म्हणाली. “तुम्हीच तसं सांगून गेला होता ना?”

हाच तो क्षण. एक नाही म्हटलं असतं तर शर्मिलाने खेळ मागे नेला असता, एवढी ती न्यायाची होती. पण काकी मध्येच रसिकाच्या कानाशी वाकली. “माझो झील जिकलो काय गो?” तिने विचारलं. तिच्या तोंडावरचा आनंद बघवत नव्हता. आता खरं बोलायचं म्हणजे या बाईच्या समोर तिच्या मुलाला खोटारडा म्हणायचं.

“व्हय, काकी,” रसिका म्हणाली. शर्मिलाला तेच उत्तर पुरलं.

रसिकालाही मी त्या दिवशी माफ केलं नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. सुशांतने मला बुडवलं आणि तिने तोंड मिटून घेतलं. काय झालं ते तेजस्वीला आंबोळी खातानाच उमगलं आणि तिचा घास तोंडातच राहिला. ती रसिकाचा हात धरून रडली. मुद्दाम केलं नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिच्यावर माझा राग नाही.

सुशांत शेवटचा खेळ जिंकला. मंचावर त्याच्या हातात माईक दिला तेव्हा त्याने माझी गोष्ट सांगितली. शेवंती तांडेलीण कशी स्वतःहून मागे राहिली, मित्रांसाठी कसं दार खांद्यावर घेतलं. सभागृह उभं राहिलं. माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या आणि मी रसिकाच्या पिशवीत उसळीच्या रिकाम्या डब्याला टेकून आडवी पडले होते. तिने मला उभं केलंच नव्हतं.

पुढे मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, बटणं आणि तुटक्या पेनांबरोबर. पडवीतला खेळ बंद झाला. सुशांत दिसला की रसिकाला आत काहीतरी काम आठवायचं. डब्याला गंज चढला, त्याचा डाग माझ्या गालावर आला. कोणाला कळलंही नाही. वस्तूचं असंच असतं मित्रांनो, तिला दुखतं हे तिला हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

नवीन वर्षाची गोष्ट छापून आली. तिच्यात सुशांतच्या पात्राबरोबर मीही होते. गुहेपाशी माझा दगडी पुतळा, आणि येणारे-जाणारे खेळाडू त्याला नमस्कार करतात. मेळावा पुन्हा जवळ आला तसा एके सकाळी सुशांत पडवीत येऊन उभा राहिला. खरी शेवंती काचेच्या पेटीत ठेवायची आहे, लोक विचारतात, एवढ्यापुरती दे, असं त्याचं म्हणणं. रसिकाने डबा आणला, मला बाहेर काढलं आणि पदराने माझा गाल पुसला. त्या पुसण्यात माझा तिच्यावरचा राग गेला. मग तिने त्याला एकच अट घातली. पेटीशेजारी उभं राहून खरं काय झालं ते सांग आणि ने.

आता इतकी मुलं त्या गोष्टीवर जीव टाकतात, ती मोडून काय मिळणार, असं काहीतरी तो पुटपुटला. शेवटी म्हणाला, “अगो, पण नाव तर तुझ्याच शेवंतीचा झाला ना?”

“तिका नाव नको होता,” रसिका म्हणाली. “तिका घराक येवचा होता.”

तो गेला. जाताना त्याचा चेहरा कसा होता ते मला ठाऊक नाही, कारण रसिकाने माझं तोंड आपल्याकडे वळवलं होतं. मेळाव्यात पेटी ठेवली ती दुसऱ्याच कुठल्या तरी बाहुलीची, असं तेजस्वीने येऊन सांगितलं. नाक सरळ आहे म्हणे तिचं.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. कोणी आपली वस्तू तुमच्या हातात देऊन, तुमच्याच कामासाठी उठून जातं, तेव्हा त्या माणसाने ती जिथे ठेवली होती तिथेच राहू द्या. तुम्हाला वाटेल, लाकडाचीच तर आहे. पण तुमच्या ओळखीची बोटं वाईट वागली की त्यानंतर कुठल्याच बोटांचा भरवसा वाटत नाही. आणि कोणाला मागे ठेवून आलात तर निदान तिने ते आनंदाने केलं असं सांगत फिरू नका.

आता पडवीत पुन्हा खेळ बसतो. रसिका, तेजस्वी आणि वाडीतल्या दोघी नव्या मुली. त्यांना रसिका मनापासून शिकवते, हसते, त्यांच्या पात्रांसाठी भांडतेसुद्धा. पण चहा टाकायला उठली की ती मला कोणाच्या भरवशावर सोडत नाही, मुठीत घेऊन आत जाते. मुठीत मी सुखरूप असते. फक्त तिथून मला समुद्र दिसत नाही.