माझं कोरडं पुढचं चाक

मी एक जुनी निळी सायकल आहे. ऑरिनच्या गॅरेजमध्ये खुंटीला टांगलेली असते. मित्रांनो, माझं मागचं चाक पॅसिफिक महासागरात भिजलेलं आहे. पुढचं अजून कोरडं आहे आणि त्याचं कारण सांगायची मला लाज वाटते.

सायकलवरून अमेरिका पार करणाऱ्यांची एक रीत आहे. निघताना मागचं चाक एका समुद्रात बुडवायचं, पोचल्यावर पुढचं चाक दुसऱ्या समुद्रात. मधला प्रत्येक मैल आपल्या पायांनी कापायचा.

ऑरिन पोस्टातून निवृत्त झाला आणि आम्ही ओरेगनहून निघालो. रॉकी पर्वताच्या चढावर त्याचे पाय भरून यायचे, पण मन रमायचं. प्रत्येक वळणावर काहीतरी नवं दिसायचं. कॅन्ससमध्ये सगळं उलटं झालं. सरळसोट रस्ता, समोरून वारा, आणि लांबवर धान्याचं एक उंच कोठार, जे दिवसभर जवळच येईना. तिसऱ्या दिवशी ऑरिनने आधी मला शिव्या घातल्या, मग स्वतःला, आणि मग तो रस्त्याकडेला बसून रडला. एका शेतकऱ्याने पिकअप थांबवला. चाळीस मैल मी मागे आडवी पडून आले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

पुढच्या गावच्या चर्चमध्ये सायकलवाल्यांचा मुक्काम असतो, आणि रात्री प्रत्येकाला केकचा एक तुकडा मिळतो. ओरेगनपासून आमच्या मागेपुढे असणारी नॉरीन संध्याकाळी तिथे पोचली. तिचे ओठ फुटले होते.

"या वाऱ्यात माझ्याआधी आलास? भलताच चिवट निघालास की रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "घे, माझ्या वाटचा केकही तूच खा. आज तुझा मान."

ऑरिनने मान खाली घालून तो केक खाल्ला. मी भिंतीला टेकून बघत होते.

पुढचे सगळे मैल त्याने पायांनीच कापले, पण ते त्याच्या अंगी लागले नाहीत. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर नॉरीन फोटो काढायला उभी राहिली.

"बुडव की चाक. मुहूर्त बघतोयस का?"

ऑरिनने मला पाण्यापासून हातभर अलीकडे थांबवलं. "कॅन्ससमध्ये चाळीस मैल मी पिकअपमधून आलो. त्या केकच्या दिवशी."

नॉरीनने कॅमेरा खिशात ठेवला. "पिकअपचं काही नाही रे. पण केक का खाल्लास?"

याला सहा वर्षं झाली. दर वसंतात ऑरिन माझ्या चाकांत हवा भरतो आणि मला परत टांगतो. मित्रांनो, दमलात तर खुशाल गाडीत बसा. फक्त उतरल्यावर लगेच सांगून टाका, नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी गंजत राहतं.

काल नॉरीनचा फोन आला होता. "ते चाळीस मैल मारायला मीही येते. केक तू आणायचास."

आज सकाळपासून ऑरिन माझी साखळी पुसतो आहे.